आधी रेघ, मग अक्षर

हा मजकूर मी हाताने लिहिलेला नाही. फोनपुढे बोलत गेले, फोनने टाइप केलं आणि मग डाव्या हाताच्या एका बोटाने मी दुरुस्त केलं. कुठे भलताच शब्द दिसला तर तो फोनचा समजा, बाकी सगळं माझं.

ज्यांचा हात भाकरी थापतो, वेणी घालतो, बादली उचलतो आणि पेन धरलं की वैऱ्यासारखा वागतो, त्यांच्यासाठी हे आहे. असं कुणाचं काही मला तेव्हा वाचायला मिळालं असतं तर मी आठ महिने रडण्यात घालवले नसते. चार महिन्यांत भागलं असतं.

माझं अक्षर

मी वैशाली. वय चोवीस. जाफराबाद तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. घर जाफराबादेत, घरात माय, बाबा आणि मी. रोज काळी-पिवळी जीपने शाळेत जाते-येते.

माझं अक्षर चांगलं होतं. चांगलं म्हणजे नुसतं सुवाच्य नाही, लोक बोलवायला यायचे असं. विहारातल्या फळ्यावरची सूचना मी लिहायची, लग्नाच्या पत्रिकांवरची नावं मी घालायची, जयंतीच्या मंडळाचा अहवाल मीच लिहायची. बाबा कापसाच्या जिनिंगवर कामाला. तिथं कुणाला अर्ज लागला की ते म्हणायचे, थांबा, आमच्या पोरीकडून आणतो. तेवढं म्हणताना ते ताठ उभे राहायचे.

आमच्या घरात अक्षराला फार किंमत आहे आणि त्याला कारण आहे. माझ्या आजोबांनी जन्मभर अंगठा दिला. अंगठा देऊन आले की ते तो धोतराला पुसायचे, मग मातीला घासायचे, मग पुन्हा धोतराला. शाई गेलेली असायची तरी घासत राहायचे, असं बाबा सांगतात. मायसुद्धा शाळेत गेली नाही. मी चौथीत असताना तिला सही शिकवली. कापूस वेचून आली की मी तिला पाटीपुढे बसवायची.

तिची अक्षरं खाली घसरायची. मग तिने स्वतःच एक उपाय काढला. आधी ती आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर लावायची. मी आमच्या बाईंसारखी तिच्या हातावर पट्टी मारली.

"माय, रेघ शेवटी मारायची असती."

"तुझी शेवटी, माझी आधी. दोरी बांधल्याबिगर मी कपडे कशावर वाळू घालू?"

मी कपाळाला हात लावला. पण तिने ऐकलं नाही. आजही ती तशीच सही करते, आधी रेघ, मग शां, मग ता, मग बाई. एक सही म्हणजे तिचा निवांत कार्यक्रम असतो.

हात फिरला

नोकरीचं दुसरं वर्ष चालू होतं. दिवाळीआधीच्या परीक्षेचे पेपर तपासत होते. तांबडं पेन धरलं आणि पहिलं बोट पेनावरून आपोआप उचललं गेलं. मी ते खाली दाबलं. अंगठा आत वळला, मनगट पोटाकडे वाकलं आणि पेन कागदात रुतलं. मला वाटलं हात अवघडला. थोडा वेळ झटकला आणि पुन्हा धरलं. पुन्हा तसंच.

महिन्याभरात खडूचंही तेच झालं. फळ्यावर तारीख घालायला मला घाम फुटायचा. सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे पेन खाली ठेवलं की हात एकदम शहाणा. सुईत दोरा ओवता यायचा, मेथी निवडता यायची. त्यामुळे कुणाला खरं वाटेना, आणि खरं सांगते, मलाही वाटेना. आपणच नाटक करतोय की काय, असं मनात यायचं.

मुख्याध्यापक सर हजेरीपटातली माझी सही बघून म्हणाले, "मॅडम, जीपमध्ये सही करून आणली का?" मी हसले. शिक्षकांच्या खोलीतून बाहेर आले आणि हातपंपापाशी जाऊन तोंड धुतलं.

बँकेत त्याहून वाईट झालं. सही जुळेना. तीनदा केली, तीन तऱ्हेची झाली. काउंटरमागचा माणूस काही टोचून बोलला नाही, उलट चांगुलपणानेच त्याने शाईचा निळा पॅड माझ्याकडे सरकवला. "अंगठा देऊन टाका मॅडम, जल्दी होईल." मागे रांग होती. मी स्लिप फाडली आणि काम न करता घरी आले. त्या दिवशी माझ्यापुढे काय वाढून ठेवलंय ते कळलं. तीन वर्षं पुरी झाली की आमची नेमणूक कायम होते, पंचायत समितीत जाऊन कागदांवर सह्या करायच्या असतात. तिथे मी अंगठा देणार का? आणि जिला लिहिताच येत नाही ती बाई वर्गात उभी तरी कशी राहणार?

बाबा म्हणाले, "टेन्शन घेती ती. चार दिवस आराम कर." मग आवाज खाली आणून मायला म्हणाले, "बाहेर बोलू नको. स्थळं येऊन राह्यली." मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आता कळतं, माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते. आजोबांचा अंगठा त्यांनी पाहिला होता, मी फक्त ऐकला होता.

जालन्याचा दिवस

हाडांचे डॉक्टर झाले, मलमं झाली, पट्टा झाला. मग जालन्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे बाहेर बसलेली माणसं बघून मायने माझा दंड धरला. कुणाचं तोंड वाकडं, कुणाला चाकाच्या खुर्चीत आणलेलं. ती माझ्या कानाशी म्हणाली, "आपण चुकीच्या जागी तर न्हाई आलो?"

डॉक्टरांनी तपासणी अशी फारशी केलीच नाही. कागद पुढे केला आणि म्हणाले, तुमचं नाव लिहा. मी लिहायला लागले, हात वळला. "थांबा. आता हाच पेन धरून नुसते गोल काढा." गोल जरा बरे आले. त्यांनी मान हलवली. आठ महिन्यांत माझ्या हाताकडे बघून न हसणारा तो पहिला माणूस.

"याला डिस्टोनिया म्हणतात. तुमचा लिहिण्यापुरता आहे, म्हणून रायटर्स क्रॅम्प. हात चांगला आहे. हाताला वरून जे हुकूम येतात त्यात गडबड आहे."

"म्हणजे मी मुद्दाम करत नाही?" मी विचारलं.

"मुद्दाम करून दाखवा बरं," ते म्हणाले. "जमणार नाही."

आजाराचं नाव ऐकून माणसं रडतात. मी पण रडले, पण जीव भांड्यात पडला म्हणून. पूर्ण बरं होईल का, या प्रश्नाला त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. औषधं, इंजेक्शनं, व्यायाम असं काय काय सांगितलं. आणि निघताना म्हणाले, संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात तरुण मुलामुलींच्या हालचालींच्या अडचणींवर अभ्यास चालू आहे, डोक्याबाहेरून चुंबकाचा ठोका देऊन मेंदू हाताशी कसा बोलतो ते बघतात. जायचं का?

बाबांना घरी सांगितलं तर त्यांनी ताट सारलं. "पोरीच्या डोक्यात करंट सोडणार? बिलकुल न्हाई." चार दिवसांनी मायनेच माझी पिशवी भरली आणि त्यांना एवढंच म्हणाली, "मी जाऊन राह्यले संगं. माझ्यापुढं सोडतील करंट."

तेल

आता आमच्या हातून झालेली चूक सांगते. मोठ्या शहरात, मोठ्या डॉक्टरकडे जायचं, तर केस विस्कटलेले कसे चालतील? पहाटे मायने मला पुढ्यात बसवलं आणि वाटीभर खोबरेल जिरवलं. चापूनचोपून वेणी घातली. उरलेलं तेल माझ्या हातांना चोळलं, बोटं मोकळी व्हावीत म्हणून. एसटीत खिडकीच्या काचेला माझ्या डोक्याचा गोल डाग पडला.

अभ्यास करणाऱ्या डॉक्टर मॅडम पस्तिशीच्या असतील. त्यांनी माझ्या हातावर चिकटपट्ट्यांसारखे तुकडे लावायला घेतले, ते निसटून पडले. डोक्यावर पांढरी कापडी टोपी चढवली, ती पुढे घसरून नाकावर आली. त्यांनी मायकडे पाहिलं. माय म्हणाली, "बराबर लावलंय तेल, तुम्ही फिकीर करू नका."

मॅडम हसू दाबून म्हणाल्या, "मावशी, तेच तर धुवायचं आहे."

मग दवाखान्याच्या न्हाणीघरात मायने बादली घेऊन माझं डोकं धुतलं. शाम्पूच्या चार पुड्या लागल्या. ती पुटपुटत होती, "येवढं निगुतीनं लावलं आन् येवढं निगुतीनं काढून राह्यले." बाहेर एका नर्सबाईंनी आपला टॉवेल दिला. दवाखान्यातल्या अशा गोष्टी मी विसरत नाही. कोरडा टॉवेल हा त्या दिवशीचा सगळ्यात मोठा उपकार होता.

सही

यंत्राआधी कागद आले. मॅडमनी सगळं मराठीत वाचून दाखवलं. डोक्यात धातू आहे का, फिट आली होती का, दिवस गेलेत का. शेवटचं विचारल्यावर मायने छताकडे बघितलं. मग त्या स्पष्ट म्हणाल्या, "हा इलाज नाही. अभ्यास आहे. तुम्हाला याचा फायदा होईलच असं नाही. नको वाटलं तर आत्ताही घरी जाऊ शकता." मी हो म्हटलं.

"इथे सही करा. जमत नसेल तर अंगठा चालेल."

त्यांच्या टेबलावरही तोच निळा पॅड होता. मी काही बोलायच्या आत माय म्हणाली, "अंगठा न्हाई."

"मावशी, त्यांना त्रास होतोय म्हणून—"

"होऊ द्या. आम्ही बसतो. तुमची घाई असंल तर दुसऱ्याला घ्या आधी."

मी दोन्ही हातांनी पेन धरलं. मनगट वाकलं, कागद फाटला, दुसरा कागद आणला. शेवटी कोंबडीने उकरल्यासारखं काहीतरी उमटलं. खाली साक्षीदाराची जागा होती. मायने पदराला हात पुसले, आडवी रेघ ओढली आणि तिच्याखाली शांताबाई सावकाश लावली. मॅडम तिच्या हाताकडे बघत राहिल्या. मला मात्र लाज वाटली. शिक्षिकेची सही तशी आणि आईची अशी.

अंगठा उडाला

खुर्ची दातांच्या डॉक्टरांकडे असते तशी. कानात बोळे. मॅडमच्या हातात आठाच्या आकड्यासारखी, दोन बांगड्या जोडल्यासारखी वस्तू होती. "हात मांडीवर ढिला सोडा. काहीच करू नका."

टक्. डोक्यावर कुणी टिचकी मारावी तसं. काही झालं नाही. त्यांनी वस्तू दोन बोटं मागे सरकवली. टक्. थोडी खाली. टक्.

आणि माझा अंगठा उडाला.

मी उडवला नाही. मनातही आणलं नव्हतं. मांडीवर निवांत पडलेला उजवा अंगठा आपणहून उठला आणि परत झोपला. मी त्याच्याकडे बघत राहिले. पुन्हा टक्, पुन्हा तो उठला. समोरच्या पडद्यावर एक सपाट रेघ होती, तिच्यात दर वेळी टेकडी उमटत होती. मॅडमनी सांगितलं, डोक्यातून निघालेला निरोप अंगठ्यापर्यंत पोचायला पापणी लवायचा वेळसुद्धा लागत नाही. चोवीस वर्षं हा निरोप माझ्यात धावत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. आकाशात खूप चांदण्या एकदम दिसल्या की छाती भरून येते, तसं काहीतरी झालं.

माय पदर तोंडाशी धरून उभी होती. "आता कोणं हलवला?"

"त्यांच्या मेंदूनेच," मॅडम म्हणाल्या. "मी फक्त दार वाजवलं."

मग त्यांनी टोपीवर पेनाने ठिपके द्यायला सुरुवात केली. इथे ठोका दिला की अंगठा, इथे पहिलं बोट, इथे मनगट. तासाभराने टोपी काढून दाखवली. डाव्या कानाच्या वर, थोडं मध्याकडे, माझा उजवा हात राहत होता. मॅडमनी शेजारी अभ्यासातल्याच एका निरोगी मुलीची टोपी ठेवली, तिच्यावर बोटांच्या जागा बऱ्यापैकी वेगळ्या होत्या. माझ्या टोपीवर अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांच्या घरात शिरले होते. बोलवावं एकाला आणि उठावेत दोघं, असं.

मायने टोपी हातात घेतली, त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "येवढी वर्षं ह्या डोक्याला तेल घातलं. हात इथं राहतो, हे ठाऊकच नव्हतं."

परतीची एसटी

इलाज नाही, हे मी ऐकलं होतं. तरी एसटीत बसल्यावर पर्समधून पेन काढलं. तिकिटाच्या मागे वै लिहायला गेले आणि मनगट नेहमीसारखं वाकलं. मायने ते पाहिलं. तिने सकाळीच मावशीला फोनवर सांगून टाकलं होतं, मशीन लावली की हात बराबर होतो.

"मंग काय उपयोग झाला?" ती म्हणाली.

"त्यांनी सांगितलं होतं ना."

"मला वाटलं, डाक्टर लोक तसं म्हणत असतात."

घरी बाबांनी काही विचारलं नाही, हेच जास्त लागलं. पुढचे कितीतरी दिवस मी चिडचिडी झाले. भाकरी कडक झाली म्हणून मायवर ओरडले. राजीनाम्याचा अर्ज मनात तयार केला आणि मग ध्यानात आलं की तोसुद्धा मला लिहिता येणार नाही. त्यावर मी एकटीच हसले.

मॅडमचं एक वाक्य मात्र डोक्यात होतं. त्या म्हणाल्या होत्या, "बिघाड तुमच्या लिहिण्याच्या जुन्या वाटेवर आहे. लहानपणापासून गिरवलेली वाट. हाताला ठाऊक नसलेली एखादी वाट सापडली तर बघा." मी जाड पेन घेतलं, पेन दोन बोटांमध्ये अडकवून पाहिलं, डाव्या हाताचं बोट उजव्या मनगटाला टेकवलं. टेकवल्यावर थोडं सैल व्हायचं, पण दोन अक्षरांनंतर हात पुन्हा वळायचा.

गॅसवाल्याची वही

रविवार होता. गॅसवाल्याने वही पुढे केली. माय उंबऱ्यात बसली, रेघ ओढली आणि अक्षरं लावायला लागली. गॅसवाला उन्हात घाम पुसत उभा. मी दाराशी होते, नेहमीसारखी मनातल्या मनात कुढत, की रेघ शेवटी असते गं माय. आणि तेवढ्यात डोक्यात आलं की ही लिहीत नाहीये, ही काढतेय. मी हिला पट्टी मारून जी वाट मोडायला गेले, ती माझ्या हाताला अजिबात ठाऊक नाही.

तो गेल्यावर मी पाटी काढली. मायसमोर बसले. "दाखव."

"काय?"

"सही कशी करती ते."

ती बघतच राहिली. मग पाटी मांडीवर घेतली. "आधी रेघ. हळू. हात उचलायचा. आता वर लटकव." मी रेघ ओढली. हात वळला नाही. व काढला, दोन मात्रा दिल्या. शा. ली. मनगट थोडं थरथरलं, पण वाकलं नाही. वैशाली. पहिलीतल्या पोरीसारखं, पण वैशाली.

मायने काय केलं असेल? तिने पट्टी उचलली आणि माझ्या हातावर हलकेच मारली. "तव्हा लई शहाणी झाल्ती," म्हणाली. मग दोघी रडलो.

पडद्यावरची रेघ

दोन महिन्यांनी अभ्यासाची दुसरी खेप होती. या वेळी मायने तेल लावलं नाही, पण वाटी जवळ घेऊन बसली होती. बाबाही आले. करंट बघायला आलोय म्हणाले.

या वेळी लिहितानाचे निरोप बघायचे होते. हाताला पट्ट्या लावल्या. आधी मी माझ्या जुन्या पद्धतीने लिहिलं. पडद्यावर सगळ्या रेघा एकदम खवळल्या, बोटं, अंगठा, मनगट, सगळे एकाच वेळी ओरडत होते. मग मी मॅडमना म्हटलं, आता एक दुसरं बघा. आणि आधी रेघ ओढली.

पडदा शांत झाला. पूर्ण नाही, पण ज्या स्नायूने काम करायचं तोच उठायचा, बाकीचे बसून राहायचे. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. दोनदा, चारदा करून घेतलं. तेच नाव, तोच हात, तेच पेन, आणि डोक्यातून वेगळा निरोप. माझ्याच आत दुसरी वाट होती आणि ती मला कागद न वाचता येणाऱ्या बाईने दाखवली, या गोष्टीचं नवल मला अजून ओसरलेलं नाही.

"सगळ्यांना असं जमेलच असं नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि हे टिकेल का, तेही आपल्याला बघावं लागेल. पण हे कुठून शिकलात?"

मी मायकडे बोट दाखवलं. बाबा पडद्याकडे बघत होते. त्यांनी मायला विचारलं, "तुझी ती रेघ?" ती म्हणाली, "हो. माझी ती रेघ." बाबांनी चष्मा काढून पुसला.

पंचायत समिती

खोटं सांगणार नाही. मी बरी झालेली नाही. भराभर लिहायला गेले की हात अजून वळतो. फळ्यावरची तारीख माझ्या तिसरीच्या मुली पाळीपाळीने घालतात आणि त्यावरून भांडतात. पेपर तपासायला मला दुप्पट वेळ लागतो. डॉक्टरांचे व्यायाम रोज करते. मुख्याध्यापक सरांना सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, मी जीपवरून बोललो होतो, ते मागे घेतो." तुमच्या जवळ कुणी असा हात घेऊन वावरत असेल, तर एवढं तरी करा. त्याला नाटक म्हणू नका.

तीन वर्षं पुरी झाली. पंचायत समितीत मोठ्या टेबलावर माझे कागद ठेवले होते. बाजूला निळा पॅड होता, उघडाच. मी डाव्या हाताचं बोट मनगटाला टेकवलं आणि कागदावर आडवी रेघ ओढली.

कारकून एकदम पुढे झुकला. "अहो मॅडम, खोडलं का? चुकलं काय?"

"नाही," मी म्हटलं. "थांबा जरा."

तो थांबला. मागची माणसंही थांबली. मी एकेक अक्षर लावत गेले.

घरी आले तेव्हा माय अंगणात कापसाच्या पळाट्या रचत होती. मी म्हटलं, झाली सही. तिने हात झटकले.

"रेघ सरळ आली का?"

"थोडी वाकडी आली."

"येऊ दे," ती म्हणाली. "अक्षरं खाली पडली न्हाईत ना? मंग बस."